वर्गणीची यादी आणि गिट

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो. वर्गणीची यादी मंडळाच्या एकाच लॅपटॉपवर आम्ही तिघं भरतो. दरवर्षी कोणाचा तरी आकडा बदललेला निघतो, आणि हात कोणीच लावलेला नसतो. म्हणून यादी गिटमध्ये ठेवली, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलं. तिथे पुरलं, तर चाळीला पुरेलच.

यादी एक्सेलमध्ये असेल तर आधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) करून घ्या. गिट एक्सेलची फाइलही सांभाळतं, पण आतली कुठली ओळ बदलली ते दाखवत नाही, आणि आपल्याला हवंय तेच.

गिट इन्स्टॉल केलंत की टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) यादीच्या फोल्डरात जा. पुढचे सगळे हुकूम रोमन लिपीत टाइप करायचे. आधी 'गिट कॉन्फिग' वापरून नाव आणि ईमेल द्या, मग 'गिट इनिट'. फोल्डरात एक लपलेलं फोल्डर तयार होतं. सगळा इतिहास त्यातच राहतो, तेव्हा साफसफाईच्या भरात ते उडवू नका.

आता 'गिट स्टेटस', म्हणजे कुठल्या फाइली बदलल्या ते दिसेल. फाइलचं नाव मराठीत असेल तर नावाच्या जागी 340, 244 असल्या आकड्यांची माळ दिसेल. मी घाबरून फाइलच उघडून बघितली होती. फाइल ठणठणीत असते. 'गिट कॉन्फिग'मध्ये 'कोअर.कोटपाथ' हे 'फॉल्स' करा, नाव नीट दिसेल.

बदल नोंदीसाठी निवडायला 'गिट अ‍ॅड' आणि फाइलचं नाव, मग ती नोंद इतिहासात पक्की करायला 'गिट कमिट', पुढे आडवी रेघ, एम आणि अवतरणात निरोप. निरोप मराठीत चालतो: 'दुसरा मजला, 12 पावत्या'. एम विसरलात तर बऱ्याचदा विम नावाचा एडिटर उघडतो आणि बाहेरचा रस्ता सापडत नाही. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. कमिट रद्द होईल, पुन्हा करा.

रोज कमिटच्या आधी 'गिट डिफ' बघायची सवय मात्र लावून घ्या. एका रात्री मला हे दिसलं:

- खोली 14, 501
+ खोली 14, 51

वरची ओळ लाल, खालची हिरवी. शून्य गळलं होतं. कोणाकडून ते गिट सांगत नाही, कारण लॅपटॉपवर नाव माझंच आहे. पण काय बदललं ते कळलं आणि भांडण जिन्यातच मिटलं. 'अ‍ॅड' करून झाल्यावर डिफ रिकामं दिसतं, तेव्हा पुढे दोन रेघा देऊन 'स्टेज्ड' लिहायचं. जुन्या नोंदी 'गिट लॉग'मध्ये सापडतील. बाहेर पडायला क्यू.

फोन नंबरांची फाइल आधीच टिंबाने सुरू होणाऱ्या 'गिटइग्नोर' फाइलमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) टाका. एकदा कमिट झालेला नंबर पुढच्या कमिटमध्ये खोडला तरी इतिहासात राहतोच.

चुकलेली फाइल परत आणायला 'गिट रिस्टोअर'. ते शेवटच्या कमिटवर (मध्ये 'अ‍ॅड' केलं असेल तर तिथवर) नेतं, म्हणजे त्यानंतर भरलेलं सगळं जातं, विचारतही नाही. एक ओळ सुधारायला म्हणून मी ते चालवलं आणि संध्याकाळच्या 17 पावत्या गेल्या. रात्री साडेअकराला पावतीपुस्तक उघडून स्थळप्रतींवरून पुन्हा भरत बसलो. आता पाच पावत्या झाल्या की कमिट.