डोंगरावरची झाडं नोंदवताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की इंदूरची मराठी मंडळी जानापाव, चोरल, पातालपाणीच्या वाटेला लागतात. हल्ली बरीच मुलं सोबत वही घेतात. कोणत्या उंचीवर कोणतं झाड याचा तक्ता करायचा आणि शाळा-कॉलेजच्या प्रकल्पात लावायचा. उत्साह खरा असतो, तक्त्यातून मात्र फारसं काही हाती लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिमालयातले झाडांचे पट्टे विंध्यावर बसवणं. पुस्तकात खाली सालवृक्ष, मग चीड, वर देवदार, त्याहून वर भूर्ज असं चित्र असतं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून तिथे ते पट्टे दिसतात. आपलं इंदूर सुमारे 550 मीटरवर आणि जानापावचा माथा 850 च्या थोडा वर. तीनशे मीटरांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने सागाचं रान संपून दुसरं सुरू होत नाही. तरीही चढताना झाडं बदलतात, कारण पाणी आणि माती बदलत जाते.

हे बघायला एखादा ओढा धरा. काठाला अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. थोडं वर सरकलात की साग. त्याच्याही वर, जिथे वीतभर मुरमाखाली खडक लागतो, तिथे धावडा आणि सालई. सालईच्या खोडावरून हात फिरवून पाहा. हिरवट-राखाडी सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. ज्या फटीत मातीही नीट साचत नाही, तिथे हे झाड तग धरून असतं. ओढ्यापासून इथपर्यंत उंची फार तर चाळीस-पन्नास मीटरने वाढलेली असते. म्हणून वहीत उंचीच्या शेजारी मातीची खोली आणि पाण्यापासूनचं अंतर हे दोन रकाने हवेतच. माझ्या मते उंचीचा रकाना एकवेळ राहिला तरी चालेल, हे दोन राहू नयेत.

पचमढीला गेलात तर हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. धूपगड 1350 मीटर, मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच शिखर. पण गारवा आणि ओल लागणारे वृक्षनेचे (झाडासारखे उंच वाढणारे नेचे) माथ्यावर शोधू नका, ते खाली सावलीतल्या खोल घळींत सापडतात. पचमढीच्या वालुकाश्मावर सालवृक्ष वाढतो, तर सातपुड्यातल्या बेसाल्टच्या जमिनीवर सागाचं राज्य असतं. खडक बदलला की रान बदलतं.

उताराचं तोंड कुठे आहे हेही बरेचजण लिहीत नाहीत. विंध्याचा मोठा कडा दक्षिणेला, नर्मदेकडे उतरतो. पाऊस संपल्यावर हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण उताराची ओल आधी उडते आणि उत्तर उताराची जास्त दिवस टिकते. मोबाईलमधला कंपास यासाठी पुरेसा आहे. मोबाईलवरची उंची मात्र बरीच चुकते, ती समोच्च रेषांच्या नकाशावरून घ्या.

फक्त ऑगस्टमध्ये जाणं ही पुढची चूक. तेव्हा सगळंच हिरवं असतं, मग फरक दिसणार कसा? मार्च-एप्रिलमध्ये जा. साग खराटा झालेला असतो, आणि अशा वेळी जिथे हिरवा पट्टा उरलेला दिसेल, तिथे खाली पाणी आहे असं समजा.

पायवाटेच्या कडेने यादी करू नका. देवळाजवळचे वड-पिंपळ बहुतेकदा माणसांनी लावलेले असतात आणि वाटेच्या कडेला टाकळा, घाणेरी माजलेली असते. वनखात्याची परवानगी काढून थोडं आत जा, सुतळीने 10 × 10 मीटरची चौकट आखा आणि तिच्यातलं प्रत्येक झाड मोजा. दोन उतारांची तुलना करायची तर चौकटी एकाच उंचीवर घ्या, नाहीतर फरक दिशेमुळे पडला की उंचीमुळे, हे सांगता येणार नाही.

एवढं करूनही दोन्ही उतारांची यादी सारखीच आली तर? आधी उतार किती तीव्र आहे ते पाहा. मंद उतारावर उन्हाचा फरक फारसा पडत नाही. मग शेळ्या-गुरांच्या लेंड्या, शेण, जळलेली खोडं, कुऱ्हाडीचे घाव शोधा. सततच्या चराईत गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तेच उरतं, आणि वणव्यानंतर साग-पळसासारखी पुन्हा फुटणारी झाडं टिकतात. अशा ठिकाणी दोन्ही उतार एकसारखे दिसू लागतात. मोठी झाडं आणि रोपं वेगवेगळी मोजली तर हे चटकन कळतं. धावड्याची जुनी झाडं भरपूर पण रोप एकही नाही, असं आढळलं तर हवामानाकडे बोट दाखवण्याआधी तिथे गुरं कोणत्या महिन्यांत येतात ते जवळच्या गावात विचारून घ्या.