कुरकुऱ्या, भांडखोर की वाद घालणारा? मँडरिन भाषकांना इंग्रजी शिकवताना

सिंगापुरात मी मँडरिन बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. एकाने निबंधात लिहिलं, ‘माझी आई क्वॉरलसम आहे.’ मला वाटलं, बाई शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जात असणार. विचारलं तर म्हणाला, छे, ती फोनवर सारखं ‘जेवलास का, झोपलास का’ करते. त्याला ‘लाओताओ’ म्हणायचं होतं, म्हणजे आपली कटकट. इंग्रजीत त्याला नॅगिंग पुरे.

चूक त्याची नव्हती. चिनी कोशात क्वेरुलस म्हणजे तक्रार करायला आवडणारा, क्वॉरलसम म्हणजे भांडायला आवडणारा. सगळीकडे आधी ‘आय’, म्हणजे आवड. त्यात दोन्ही इंग्रजी शब्द दिसायलाही सारखे, आणि मूळही एकच: लॅटिनमधलं तक्रार करणं.

म्हणून मी कोश बंद करायला लावते आणि विचारते, समोर कुणी लागतं का? क्वेरुलस माणूस रिकाम्या खोलीतही कुरकुरू शकतो. त्याचा रडका सूर महत्त्वाचा. क्वॉरलसमला भांडायला माणूस हवा. आर्ग्युमेंटेटिव्हला मुद्दा हवा, राग आलाच पाहिजे असं नाही.

मग शेपट्या, म्हणजे शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय. क्वॉरलसममधला ‘सम’ मराठी माणसाला लगेच कळतो, भांडखोरातला ‘खोर’च तो. मँडरिनमध्ये मात्र हे काम शब्दाच्या आधी होतं. ‘हाओ’ हेच अक्षर तिसऱ्या सुरात चांगलं, चौथ्या सुरात आवड. त्याला ‘तोउ’, म्हणजे लढणं, जोडलं की हाओतोउ: पग्नेशस. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली मूठ आहे, तेव्हा मी फळ्यावर मूठच काढते.

सगळ्यात रंगतो तो ‘कांगचिंग’. ‘थायकांग’ म्हणजे शब्दशः दांडा उचलणं, व्यवहारात उगाच हुज्जत घालणं. त्यातल्या ‘कांग’ला ‘चिंग’, म्हणजे भूत, जोडून इंटरनेटवर हा शब्द आला. २०१८ साली चीनमधल्या एका भाषाविषयक मासिकाने वर्षाच्या दहा गाजलेल्या शब्दांत तो घेतला होता. विद्यार्थी त्याला आर्ग्युमेंटेटिव्ह म्हणतात. मला ते फिकं वाटतं. कॉन्ट्रेरियन जवळचा, कारण तुम्ही पूर्व म्हणालात की हा पश्चिम म्हणणारच. भूत मात्र इंग्रजीत येत नाही, त्याला इलाज नाही.

कॅप्शस, म्हणजे उगाच खोट काढणारा, शिकवायला त्यांचीच म्हण वापरा: अंड्यात हाड शोधणारा. या शब्दाच्या मुळाशी पकडणं आहे, आपण ‘शब्दात पकडतो’ तसंच. पेट्युलंट लहान मुलासारखा फुरंगटतो, कॅन्टँकरस, म्हणजे चिडखोर, बहुधा म्हाताऱ्यांना लावतात. एवढ्यावर भागतं.

शेवटी सराव. हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, सूप गार आलंय. प्रत्येकाने एका स्वभावाचं वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. क्वेरुलस: ‘माझ्याच वाट्याला नेहमी गार येतं.’ क्वॉरलसम: ‘बोलव मालकाला!’ आर्ग्युमेंटेटिव्ह: ‘गार म्हणजे नक्की किती अंश?’ कॅप्शस: ‘पाटीवर गरम लिहिलंय, हे कोमट आहे.’ कॉन्ट्रेरियनला सगळ्यांत शेवटी बोलू द्या, आधी बोलला तर त्याला उलटायला काहीच उरत नाही. मागच्या वेळी त्या आईवाल्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘जीभ भाजली माझी.’