चंद्राच्या मातीचा नमुना करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात चांद्रयान-3चे मॉडेल ठेवायचे ठरले की कोल्हापुरात पन्हाळ्याची लाल माती तरी आणली जाते, नाहीतर क्रशरची काळी कच. दोन्ही चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

लाल माती पूर्ण बाद. पन्हाळ्याचा जांभा पावसापाण्याने बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड) कुजून आणि त्यातले लोह गंजून तयार झाला आहे. चंद्रावर हवा नाही, वाहते पाणी नाही. तिथला खडक उल्कांच्या माऱ्याने फुटून माती झाली. शेतातली काळी माती याच कारणाने नको. पंचगंगेची वाळूही नको, कारण प्रवाहात तिचे कण घासून गुळगुळीत होतात. चंद्रावरचे कण टोकदार असतात.

काळ्या दगडाची चूक सहज लक्षात येत नाही. चंद्रावर बेसॉल्ट आहे, पण सुमारे 17 टक्के पृष्ठभागावर, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या काळ्या डागांत. उजळ भाग मुख्यतः ॲनॉर्थोसाइट या फिकट खडकाचा. सुरुवातीला चंद्राचा वरचा थर वितळलेला होता. त्यात प्लॅजिओक्लेज हे हलके खनिज वर तरंगले आणि त्याचे हे ॲनॉर्थोसाइटचे कवच झाले. बेसॉल्टचा लाव्हा मागाहून सखल भागांत भरला. चांद्रयान-3 सुमारे 69 अंश दक्षिणेला, उजळ प्रदेशात उतरले. त्याच्या प्रज्ञान रोव्हरने 23 ठिकाणी घेतलेली मोजमापेही ॲनॉर्थोसाइटकडेच बोट दाखवतात. इस्रोनेही चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट दळून घेतला. तो मिळत नसेल तर काळ्या कचीवर अपोलो 11चे मॉडेल ठेवा. ते काळ्या डागातच उतरले होते.

कच न धुतलेली घ्या. धुतलेल्या क्रश सँडमधली पूड निघून गेलेली असते आणि खरी गरज तिचीच आहे: चंद्राच्या मातीत वजनाने साधारण निम्मे कण 70 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत 75 मायक्रॉनची चाळण मिळते. चाळताना मास्क लावाच. नमुन्यात उमटवलेला बुटाचा ठसा ढासळत असेल तर पूड कमी पडली आहे, ती वाढवा. गुठळ्या होत असतील तर ओल आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर 24 तास वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. ठसा टिकावा म्हणून पाणी मारू नका.

कच चुंबकाला चिकटली म्हणून ती चंद्रासारखी ठरत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. चंद्राच्या मातीत धातुरूप लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात. सूक्ष्म उल्कांच्या धक्क्याने वितळलेल्या काचेने जोडलेले कणही तिथे भरपूर असतात. बाटली कुटून ती उणीव भरत नाही, हात मात्र कापतात. फलकावर सरळ लिहा: कणांचा आकार जुळवला आहे, काच आणि धातुरूप लोह नाही.