ॲब्लेशननंतरची रात्रीची गोळी आणि एकादशीचा उपास

दिवाळीनंतर माझं ॲब्लेशन झालं. एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडायचे. पंचवटीतल्या घरी आले तेव्हा नाडी एकसारखी लागत होती, धाप नव्हती. मनात पहिला विचार आला, आता रक्त पातळ करायची गोळी कशाला? तुमच्याही मनात येईल, म्हणून आधी कारण सांगते.

ॲब्लेशनमध्ये ठोके बिघडवणारे विजेचे संदेश अडवायला नळी घालून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला आतून मुद्दाम जखम करतात. त्या जखमेवर रक्त साकळू शकतं. शिवाय तो कप्पा काही आठवडे मंदच आकसतो, रक्त कोपऱ्यात रेंगाळतं. गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून निदान दोन-तीन महिने गोळी सगळ्यांनाच. पुढे चालू ठेवायची का, हे नाडी सुधारली यावर ठरत नाही. वय, बीपी, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतं. मी ६७ वर्षांची, बीपी आणि साखर दोन्ही. माझी चालूच राहणार आहे.

मला रिव्हरोक्साबॅन २० मिलिग्रॅम आहे, रोज एक, रात्रीच्या जेवणासोबत. यातलं ‘जेवणासोबत’ मी हलक्यात घेतलं. निवृत्तिनाथांच्या यात्रेची एकादशी आली, त्र्यंबकला जाणं नव्हतं, पण उपास होता. रात्री अर्धं केळं खाऊन गोळी घेतली. पुढच्या तपासणीत सहज बोलले, तर डॉक्टर गंभीर झाले. ही गोळी रिकाम्या पोटी पूर्ण शोषलीच जात नाही. आता एकादशीलाही रात्री भगर आणि दाण्याची आमटी पोटभर खाते, मग गोळी. निर्जळी उपास सोडला. तुमची अपिक्साबॅन असेल तर ती दोन वेळा, जेवणाशी संबंध नाही. डाबिगाट्रान असेल तर कॅप्सूल फोडू नका आणि गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नका, ओल लागून बिघडते.

विसरलात तर? माझी गोळी त्याच दिवशी आठवली की खाऊन घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, त्या दिवशीची एकच. दोन एकदम कधीच नाही. स्ट्रिपमध्ये सात उरल्या की मी नवीन आणते. एक दिवसही खंड नको.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मेथी-पालक बंद कर. त्यांच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, त्यांना ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची वेगळी गोळी आहे, आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासावा लागतो, त्यांच्यासाठी पालेभाजीचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवणं खरंच गरजेचं. माझ्या गोळीला ते बंधन नाही. दुसऱ्याची पथ्यं उचलू नका.

गुडघा दुखला म्हणून एका दुकानदाराने मला डायक्लोफेनॅक दिली होती. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मनाने घेतलेली ॲस्पिरिन, यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्याला पॅरासिटामॉल, तीही विचारून. काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा डॉक्टरांना दाखवा.

विळीवर बोट कापलं तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका. जांघेतल्या जखमेतून (ॲब्लेशनची नळी तिथून घालतात) रक्त आलं तर आडवं होऊन तसंच दाबा. थांबलं नाही तर दवाखाना. डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, डोक्याला मार (दुखत नसलं तरी), तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, हातातली शक्ती जाणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप आला किंवा गिळताना छातीत दुखलं, तर जिथे ॲब्लेशन झालं तिथेच लगेच कळवा. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असते, तिला इजा झाल्याची ती खूण असू शकते. हे क्वचित होतं, पण जिवावरचं असतं.

दात काढायचा असेल तर आधी सांगा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी कायम असते: गोळीचं नाव, डोस, कधी घेते आणि मुलाचा नंबर.