सरकारी इमारतींच्या पहाऱ्याचा कायदा: मसुद्यात काय लिहायचं, कसं लिहायचं

"पुरेसे व प्रशिक्षित सुरक्षारक्षक नेमण्यात येतील." असं कलम कागदावर भारदस्त दिसतं, पण त्याच्या आधारे कोणालाच जाब विचारता येत नाही. पुरेसे म्हणजे किती? प्रशिक्षित हे कोणी ठरवायचं? मसुदा तयार करणाऱ्यांनी आणि त्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्या कर्मचारी संघटनांनी या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मागावीत.

आधी चौकी मोजा, मग माणसं

इमारतीला रक्षक किती हवेत, या प्रश्नापासून सुरुवात करू नका. कोणत्या जागी, कोणत्या वेळेत, कोणतं काम व्हायलाच हवं याची यादी करा. मुख्य दरवाजा, वाहनतळ, मालाची आवक, नियंत्रण कक्ष, रात्रीची गस्त, यातली प्रत्येक जागा ही एक चौकी. कायद्याने चौकीचे तास ठरवावेत. माणसांचा आकडा त्यातूनच निघतो.

हिशेब असा. चोवीस तासांच्या चौकीचे वर्षाला ८,७६० तास होतात. तीन पाळ्यांत प्रत्येकी अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी धरली, तर त्या वेळेत बदली माणूस लागतो. म्हणजे आणखी साडेपाचशे तास. एकूण सुमारे ९,३००. आठवड्याला ४८ तास काम करणारा रक्षक कागदावर वर्षाला २,४९६ तास देतो. त्यातून रजा, सण, आजारपण आणि प्रशिक्षण यांचे समजा ३६० तास वजा केले, तर हातात उरतात २,१३६. भागाकार ४.३६ येतो, म्हणजे एका चौकीमागे इतकी माणसं. चार चौक्यांसाठी १७ ते १८ माणसं लागतात, बारा नव्हे. कामाचा आठवडा ४० तासांचा असेल तर एका चौकीमागे ५.४ माणसं धरावी लागतात.

"तीन पाळ्या, तीन माणसं" हा हिशेब निविदेत शिरला की पुढचं सगळं बिघडतं. एक जण आजारी पडतो, दुसरा सलग सोळा तास उभा राहतो आणि पहाटे चार वाजता दाराशी असलेला माणूस फक्त देहाने तिथे असतो. म्हणून एका चौकीमागे किती माणसं हा गुणक नियमावलीच्या परिशिष्टात सूत्रासह छापावा आणि कोणत्याही रक्षकाची सलग पाळी १२ तासांपलीकडे जाऊ नये असं स्वतंत्र कलम ठेवावं.

तपासणीच्या दरवाजाचा हिशेब वेगळा आहे. एक्स-रेच्या पडद्यावर नजर ठेवणं, धातुशोधक दारातून माणसं सोडणं आणि संशयित बॅग हाताने उघडून पाहणं, ही तिन्ही कामं एकाच वेळी चालतात. दोघांत ती भागवली तर बॅग उघडली जात असताना पडद्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. शिवाय सतत पडदा पाहून नजर बोथट होते. युरोपच्या विमानतळ सुरक्षा नियमांत सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये अशी मर्यादा आहे. तीच मर्यादा इथे घ्यावी. गर्दीच्या वेळी किमान तीन माणसं आणि आलटून-पालटून बसण्याचं वेळापत्रक, इतकं लिहून ठेवा.

प्रमाणपत्र कोणाच्या हातात?

प्रशिक्षणाचे तास लिहिणं सोपं आहे. भारतात खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ खालच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, किमान २० कामकाजाच्या दिवसांत, असं सांगितलं आहे. खरा कस पुढे लागतो: तास झाले की नाही हे कोण पाहतं?

अमेरिकेत संघराज्याच्या इमारतींवर कंत्राटी रक्षक असतात आणि त्यांच्यावर फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिस या सरकारी खात्याची देखरेख असते. २००९ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ६६३ रक्षकांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ६२ टक्के रक्षकांचं किमान एक प्रमाणपत्र मुदत संपलेलं निघालं. एका विभागात सुमारे १,५०० रक्षकांना एक्स-रेचं ठरलेलं प्रशिक्षण २००४ पासून मिळालेलंच नव्हतं. एका इमारतीत तर बाळ पाळण्यासकट एक्स-रे यंत्रातून गेलं. त्या रक्षकाला काढून टाकण्यात आलं, पण तो न्यायालयात जिंकला, कारण त्याला प्रशिक्षण दिल्याचा कागद खात्याला दाखवता आला नाही.

यावरून तीन तरतुदी ठरतात. परीक्षा कंत्राटदाराने घेऊ नये, खात्याने किंवा तिसऱ्या संस्थेने घ्यावी. नोंद रक्षकाच्या नावावर, खात्याच्या संगणकात राहावी आणि कंत्राटदार बदलला तरी ती टिकावी. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या रक्षकाचं नाव हजेरीत घालताच प्रणालीने ते नाकारावं. नुसता इशारा दिला तर तो वाचायला कोणाला वेळ नसतो.

रक्षकाचे अधिकारही स्पष्ट लिहा. तो बॅग उघडायला लावू शकतो का, प्रवेश नाकारू शकतो का, पोलीस येईपर्यंत एखाद्याला थांबवून ठेवू शकतो का? उत्तर संदिग्ध असेल तर शहाणा रक्षक खटल्याच्या भीतीने बाजूला सरकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. प्रत्येक चौकीवर तिथल्या आदेशांची प्रत त्याला वाचता येणाऱ्या भाषेत हवी.

न सांगता चाचणी

कळवून केलेली तपासणी म्हणजे फक्त इस्त्रीचा गणवेश. २००९ मध्येच त्या लेखापरीक्षकांच्या गुप्त पथकाने उच्च सुरक्षेच्या १० इमारतींत बॉम्बचे सुटे भाग नेऊन पाहिले. दहाच्या दहा ठिकाणी ते आत पोहोचले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २७ चाचण्यांत दंडुका, मिरपूड फवारा, सुरी असलेलं बहुउपयोगी अवजार यांसारख्या मनाई असलेल्या वस्तू सुमारे निम्म्या वेळा सुटल्या. पंधरा वर्षांनंतरही असा निकाल येतो, हे गंभीर आहे. म्हणून चाचणी झाली एवढ्यावर थांबू नका. चूक प्रशिक्षणाची, यंत्राची की माणसं कमी असल्याची, हे कारण नोंदवणं आणि ठरावीक दिवसांत त्याच चौकीची फेरचाचणी घेणं कायद्याने बंधनकारक करा.

रिकाम्या चौकीची किंमत

रक्षक आला नाही तर त्या तासांचे पैसे कापायचे, एवढीच शिक्षा असेल तर कंत्राटदाराचं काहीच बिघडत नाही. त्याने पगारही वाचवलेला असतो. दंड तासाच्या दरापेक्षा स्पष्टपणे जास्त हवा आणि वारंवार घडल्यास कंत्राट रद्द करण्याचा अधिकार हवा. इमारतीतल्या कार्यालयप्रमुखाला चौकी रिकामी असल्याचं अर्ध्या तासात कळलं पाहिजे. अमेरिकेत रक्षक न आल्याने जनतेची कामं करणारी काही कार्यालयं तात्पुरती बंद ठेवावी लागली आहेत. हा भुर्दंड कंत्राटदाराच्या बिलात दिसतच नाही. दंडासोबत वेतनाची किमान पातळीही बांधा. सर्वांत कमी दराची निविदा डोळे झाकून स्वीकारली, तर प्रशिक्षित माणूस पहिली बरी नोकरी मिळताच निघून जातो.

अंमलाची तारीख ठरवताना घाई नको. सगळ्या अटी एकाच दिवशी लागू केल्या तर प्रमाणपत्र नसलेले रक्षक एकदम बाहेर पडतात आणि चौक्या ओस पडतात. नोंदप्रणाली आणि परीक्षा केंद्रं पहिल्या सहा महिन्यांत सुरू करा, नंतरच्या सहा महिन्यांत कामावर असलेल्यांची परीक्षा घ्या, आणि दंडाचं कलम त्यानंतर लागू करा. या तिन्ही तारखा कायद्याच्या मजकुरातच छापा. "शासन ठरवेल त्या दिनांकापासून" हे शब्द खोडा.