जुन्या घराची सुरक्षा तपासणी: नव्या रंगाला भुलू नका, या चुका टाळा

जुनं घर जुनं दिसतं तोवर माणूस सावध असतो. नूतनीकरण झालं की पुट्टी, टाइल आणि फॉल्स सीलिंगच्या मागे तीच जुनी वायर आणि तोच गळका पाइप राहतो, आणि तपासणारा चकचकीत स्विचबोर्डाकडे बघून 'वायरिंग नवीन' असं लिहून मोकळा होतो. नवं काम जुन्या कामाला जिथे जोडलंय, बिघाड बहुधा तिथेच असतो. म्हणून तपासणीची सुरुवातही तिथूनच करा.

बोर्ड नवा म्हणजे वायरिंग नवं, असं धरून चालणं

डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) छतापर्यंत नवी 4 चौरस मिलिमीटरची वायर येते आणि तिथे जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली असते. अशा सर्किटचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) सगळ्यात बारीक वायरीला झेपेल एवढाच हवा. होतं उलटंच. 16 अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी 32 चा बसवून जातो. मग वायर तापत राहते आणि एमसीबी गप्प बसतो. भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला साधारण 16 ते 20 अँपिअरच्या वरचा एमसीबी नको. जुनी वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि तिला तांबं थेट पिळलं असेल तर काम आणखी बिघडतं. दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात, सांधा ढिला होतो, त्यावर ऑक्साइड चढतं, आणि ढिला सांधा अजून तापतो.

हे बघायला छत फोडावं लागत नाही. मेन बंद करा, फॉल्स सीलिंगमधला एक दिवा काढा आणि त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च लावून चारही बाजूंचा व्हिडिओ घ्या. काळवंडलेली टेप, झाकण नसलेला जंक्शन बॉक्स, कुरतडलेली वायर लगेच दिसते. त्यानंतर सगळी उपकरणं काढून इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून घ्या. आकडा 1 मेगाओहमच्या खाली आला तर ते सर्किट वापरू नका.

टेस्टर पेटला की अर्थिंग आहे असं समजणं

टेस्टरच्या दिव्यावरून अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही. सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा चेकरसुद्धा फसतो, कारण जुन्या घरात अर्थची वायरच नसली की काही कारागीर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ पिन यांच्यात बोटभर वायरीचा तुकडा टाकतात. चेकर 'ठीक' दाखवतो. पुढे कधी न्यूट्रल तुटली की चालू उपकरणातून आलेला पूर्ण दाब (व्होल्टेज) त्याच तुकड्यातून मशीनच्या धातूच्या अंगावर येतो. मेन बंद करून निदान स्वयंपाकघर आणि बाथरूममधले सॉकेट उघडून बघाच. उघडता येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला जड लोड चालू ठेवून त्याच सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. लोडवर न्यूट्रलला थोडा दाब दिसायला हवा. अगदी शून्य आला तर संशय घ्या.

आरसीसीबीचं (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला, तर त्याची यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थिंग नसतानाही तो पडतो. माणसाच्या संरक्षणासाठी तो 30 मिलिअँपिअरचा हवा, आणि बटण दाबल्यावर घरातला एकेक पॉइंट खरंच बंद झाला का ते फिरून बघायला हवं. नूतनीकरणात वाढवलेले पॉइंट अनेकदा त्याला वळसा घालून गेलेले असतात.

गीझर बघणं, हवा न बघणं

जुन्या बाथरूमला उघडी जाळी होती. नूतनीकरणात तिथे घट्ट सरकती खिडकी आणि एग्झॉस्ट पंखा आला, गॅस गीझर मात्र जागचा हलला नाही. एक घनमीटर एलपीजी जळायला साधारण 25 ते 30 घनमीटर हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा धुराड्यातला वायूही उलटा आत येऊ शकतो.

आधी साबणाच्या फेसाने गॅसचे सांधे तपासा. काडी पेटवून गळती शोधू नका. गळती नाही याची खात्री झाली की दार-खिडकी बंद करून पंखा आणि गीझर चालू करा आणि दोन मिनिटांनी उदबत्तीचा धूर धुराड्याच्या तोंडाशी धरा. धूर वर ओढला गेला तर ठीक. आत ढकलला गेला तर गीझर लगेच बंद करून बाहेर या. धुराडंच नसलेला गीझर बाथरूममध्ये असेल तर चाचणीच्या भानगडीत न पडता तो तिथून काढायला सांगा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लागतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, त्याचा छताजवळ. हे दोन्ही उलटसुलट लावलेले सर्रास दिसतात.

भेग बुजवली म्हणजे संपलं

स्लॅबच्या किंवा बीमच्या खाली सळईच्या रेषेत सरळ भेग आणि तपकिरी डाग असेल तर आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सळईवरचा काँक्रीटचा थर फुटतो. त्यावर पुट्टी भरली की गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही. हलक्या हातोडीने ठोकत जा: भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द भागाखाली उभं राहून ठोकू नका. कुणी रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दाखवले तर प्लास्टर काढून काँक्रीटवर घेतलेत का ते विचारा. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो आणि आकडा फसवा चांगला येतो.

टाइलवर टाइल घातली असेल तर वजनाचा हिशेब करा. 5 सेंटीमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा मसाला म्हणजे चौरस मीटरला सुमारे 100 किलो, टाइल वेगळी. भिंत काढलेली असेल तर इंजिनिअरचा कागद मागा. भिंत साडेचार इंची होती म्हणजे ती भार घेत नव्हती, हे अनुमान नेहमी खरं नसतं.

जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांनाही भोक पाडू नका, अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला.

फरशी वर आली, कठडा तिथेच

नव्या फरशीने जमीन 6 सेंटीमीटर वर आली की एक मीटरचा कठडा 94 सेंटीमीटरचा झाला. माप नव्या फरशीवरूनच घ्या. दोन गजांमध्ये 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी वेगळी मोजा: लँडिंगवर टाइल पडली आणि पायऱ्यांवर नाही, तर शेवटची उंची बदलते. एक सेंटीमीटरचा फरकही अंधारात पाय अडखळवतो.