डेस्कटॉप अ‍ॅपचे फ्रेमवर्क निवडण्यापूर्वी ग्राफिक्स ड्रायव्हरचा भरवसा कसा तपासावा

गिरगावातील एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी बिलांचे अ‍ॅप तयार केले होते. माझ्या लॅपटॉपवर ते सुरळीत चालत होते, परंतु लॅबच्या जुन्या संगणकावर कोरी पांढरी खिडकीच उघडली, कारण विंडोज नव्याने टाकताना ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारा प्रोग्राम, टाकायचा राहून गेला होता. अशा वेळी विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालते आणि त्यावर ओपनजीएलची (अ‍ॅपने ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या प्रमाणित पद्धतीची) केवळ १.१ ही जुनी आवृत्ती मिळते. काउंटरवर ताटकळणाऱ्या रुग्णांना याचे कारण सांगून काय उपयोग? ती काळजी अ‍ॅप लिहिणाऱ्यानेच आधी घ्यायला हवी.

पहिली पायरी म्हणजे ग्राहकाकडील यंत्रांची यादी. प्रत्येक संगणकावर ‘डीएक्सडायग’ हे विंडोजमधलेच तपासणी साधन चालवून ग्राफिक्स कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरची तारीख नोंदवावी. लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून घेतलेल्या जुन्या संगणकात इंटेल एचडी ३००० हे ग्राफिक्स निघाले, तर विंडोजवर ओपनजीएल ३.१ च्या पुढे जाता येणार नाही.

त्यानंतर फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप ज्याच्या आधारे बांधतो तो तयार सांगाडा, पडद्यावर चित्र कसे काढते, हे पाहावे. क्यूटी या फ्रेमवर्कचे दोन प्रकार आहेत. त्यातले क्यूटी विजेट्स बहुतेक काम प्रोसेसरकडूनच करून घेते, त्यामुळे ड्रायव्हरशी त्याचा फारसा संबंध येत नाही. क्यूटी क्विक मात्र ग्राफिक्स कार्डावर विसंबते. क्यूटी ६ मध्ये त्यासाठी विंडोजवर डायरेक्टथ्रीडी ११ (मायक्रोसॉफ्टची ओपनजीएलसारखीच पद्धत), तर लिनक्सवर ओपनजीएल वापरले जाते. इलेक्ट्रॉन या वेब तंत्रावर आधारलेल्या फ्रेमवर्कमध्ये ग्राफिक्सची प्रक्रिया वेगळी असल्याने ती कोसळली, तरी सहसा संपूर्ण अ‍ॅप बंद पडत नाही.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कार्डाविना चालण्याची सोय. डब्ल्यूपीएफ हे मायक्रोसॉफ्टचे फ्रेमवर्क गरज पडल्यास स्वतःच सॉफ्टवेअर रेंडरिंगकडे, म्हणजे कार्डाऐवजी प्रोसेसरकडून चित्र काढून घेण्याकडे, वळते. इलेक्ट्रॉनमध्ये अ‍ॅप ‘रेडी’ होण्यापूर्वी हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे कार्डाचा वापर, बंद करावे लागते. क्यूटी क्विकमध्येही सॉफ्टवेअर रेंडरिंगची सोय आहे, परंतु त्यात शेडर इफेक्ट (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने साधलेले दृश्य परिणाम) चालत नाहीत. ही सोय केवळ सेटिंग्जच्या पानावर ठेवू नये, कारण खिडकीच कोरी असेल, तर त्या पानापर्यंत पोहोचणार कसे? सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्येच अ‍ॅप उघडणारा वेगळा शॉर्टकट डेस्कटॉपवर द्यावा. शिवाय, अ‍ॅप सुरू होताच एक खूणफाइल लिहावी आणि पहिली फ्रेम (पडद्यावरचे पहिले चित्र) उमटल्यावर ती पुसावी. पुढच्या वेळी ती फाइल शिल्लक आढळली, तर अ‍ॅपने आपणहून सॉफ्टवेअर रेंडरिंग निवडावे. फ्रेम उमटूनही पडदा पांढराच राहिला, तर ही युक्ती चुकते, म्हणून शॉर्टकट हवाच.

शेवटी खरी चाचणी घ्यावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर बंद करून अ‍ॅप उघडावे, रिमोट डेस्कटॉपवरून वापरून पाहावे, संगणक झोपवून पुन्हा जागवावा. कार्डाने सुमारे २ सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. त्यानंतर खिडकी पूर्ववत होते का, हे ‘डीएक्सकॅप’ या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तसा प्रसंग मुद्दाम घडवून तपासता येते.

बिले, तक्ते आणि अर्ज एवढेच काम असेल, तर मी क्यूटी विजेट्सच निवडतो. लॅबचे अ‍ॅपही मी त्यातच पुन्हा लिहिले.